उजवीकडची कोरी पानं

माझ्या कादंबरीतली उजवीकडची पानं कोरी आहेत. ती छापायची राहिलेली नाहीत. छापखान्यात शाई संपली नव्हती, कागद चिकटला नव्हता आणि बाइंडिंगवाल्याला डुलकीही लागली नव्हती. हे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. तरी परवाच एका गृहस्थांनी फोन करून विचारलं, की बाई, तुमच्या पुस्तकाची चांगली प्रत कुठे मिळेल, माझ्याकडची डिफेक्टिव्ह आलीय. मी फोन ठेवून दिला. पूर्वी मी समजावून सांगत असे.

कादंबरी साधी आहे. एक नवरा, एक बायको, बंगळुरातलं एक भाड्याचं घर. डावीकडच्या पानावर नवरा बोलतो. उजवीकडचं पान बायकोच्या उत्तराचं, आणि ती उत्तर देत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत देत नाही. यापेक्षा सोपं पुस्तक मराठीत शोधून सापडायचं नाही, वाचायलाही निम्माच वेळ लागतो. पण हे पुस्तक आल्यापासून मी ‘प्रयोगशील लेखिका’ झाले.

हा शब्द मराठीत कुणाला चिकटवतात ते मला कळून चुकलंय. ज्याचं पुस्तक वाचायचं नाही, पण ज्याच्याशी वाकडेपणाही नको, त्याला प्रयोगशील म्हणायचं, आणि शाल-नारळ देऊन फाटकापर्यंत सोडायचं. त्यात मी राहते बंगळुरात, म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पुण्यातल्या मंडळींच्या लेखी मी ‘परप्रांतात राहूनही मराठी टिकवून ठेवणारी’ बाई. मी काही टिकवत नाही. भाषेचं लोणचं घालून बरणीत ठेवलेलं नाही मी. मी लिहिते, आणि जे जसं पाहिलं तसं लिहिते. ते घर मी पाहिलेलं आहे, त्यात वाढलेली आहे.

बसवनगुडीत एका कन्नड अज्जींच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायचो. बाबा नागपूरहून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनीअर म्हणून आले होते. त्या काळी कारखान्यात महाराष्ट्रातून ट्रेनी पोरं यायची. नुकती मिसरूड फुटलेली, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. दोन महिने भात-सांबार खाऊन रडकुंडीला आली की कुणीतरी त्यांना आमचा पत्ता द्यायचं. आई त्यांना जेवायला घालू लागली. आधी दोघं आले, मग चौघं, आणि बघता बघता हॉलमध्ये पंधरा-वीस जणांची पंगत बसायला लागली. पाटी नव्हती, पण सगळे ‘वहिनींची खानावळ’ म्हणायचे.

माझी आई त्या वर्षांत जशी होती तशी मी तिला नंतर कधीच पाहिली नाही. खालच्या अज्जींकडून ती कन्नड शिकली. गांधी बाजारात भाजीवालीशी ‘अक्का, स्वल्प कमी माडी’ करत घासाघीस करायची आणि जिंकून यायची. कुणाला कारलं चालत नाही, कुणाला ताकाशिवाय घास उतरत नाही, कुणाच्या घरून आठवड्यात पत्र आलेलं नाही, सगळं तिला ठाऊक. एक नाशिककडचा पोरगा होता, त्याला तव्यावरची शेवटची, कडक झालेली पोळी लागायची. ती त्याच्यासाठी वाटीखाली झाकून ठेवलेली असायची. दुसऱ्या कुणी मागितली तर आई त्याच्या हातावर उलथनं मारायची, आणि सगळी पंगत हसायची.

मग बाबांना बढती मिळाली. ऑफिसर झाले. शनिवारी कारखान्यात त्यांनी पोरांना सांगून टाकलं, की उद्यापासून यायचं नाही, ऑफिसरच्या घरात खानावळ शोभत नाही. पोरांनी मान डोलावली. साहेबांपुढे ट्रेनी दुसरं काय करणार? बाबांनी फक्त एका माणसाला सांगितलं नाही.

रविवारी आई पहाटेपासून उभी होती. रविवारचं जेवण मोठं असायचं. मटकीची उसळ, भरली वांगी, शिरा. बाबा पुढच्या खोलीत आरामखुर्चीत पेपर वाचत होते. पोळ्या लाटल्याचा आवाज त्यांना ऐकू येत होता, शिऱ्यातल्या वेलदोड्याचा वास येत होता. मध्ये एकदा त्यांनी चहा मागितला आणि तिनं तो नेऊन दिला. तेव्हाही ते बोलले नाहीत. मी नऊ-दहा वर्षांची होते. मी ताटं मांडली, पाणी ठेवलं, आणि दर थोड्या वेळानं गॅलरीत जाऊन रस्त्याच्या टोकाला कोणी दिसतंय का ते पाहत राहिले. दोन वाजून गेल्यावर बाबांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, ‘ती पोरं येणार नाहीत. मी कालच सांगितलंय त्यांना. तुलाही जरा आराम.’

मला त्या माणसाचा आजही राग येतो. ते जाऊन बरीच वर्षं झाली, मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. सकाळपासून बायको राबताना बघत बसायला माणसाला काय लागत असेल?

आईनं ताटं उचलली. एकात एक घालून मोरीपाशी ठेवली. जेवण खाली अज्जींकडे आणि गल्लीत वाटून टाकलं. वाटीखालची कडक पोळी मात्र संध्याकाळपर्यंत ओट्यावर तशीच होती, आणि मग तीही दिसेनाशी झाली. त्या दिवसापासून आई बाबांशी बोलली नाही. भांडण झालं नाही, भांडण झालं असतं तर निदान मिटलं तरी असतं. ती आमच्याशी बोलायची, अज्जींशी बोलायची, दूधवाल्या अण्णाशी हसून बोलायची. बाबांना वेळेवर जेवण, धुतलेले कपडे, आजारपणात कांजी, सगळं मिळालं. शब्द मिळाला नाही.

आणि बाबा? बाबा बोलतच राहिले. पहिले काही महिने चिडले, मग त्यांनी युक्ती काढली. प्रश्न स्वतःच विचारायचे, उत्तरही स्वतःच द्यायचे. ‘आमटीत मीठ कमी वाटतंय का गं? हो ना, कमीच आहे.’ ‘या सुट्टीत नागपूरला जायचं का? नको म्हणतेस? बरं, राहू दे.’ पाहुण्यांना पत्ता लागत नसे. उलट बायका म्हणायच्या, यांचे मिस्टर किती विचारून विचारून करतात. मी शेजारी बसून पोहे खात असायचे.

आईला आमच्या नात्यातले लोक सोशिक म्हणतात. कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ती काहीही सोसत नव्हती. ती रागावलेली होती.

डिप्लोमा करून मी बंगळुरातल्याच पीण्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात लागले. इन्स्पेक्शनला. निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. सकाळी दोन बस बदलून जायचं, दिवसभर तयार माल तपासायचा, संध्याकाळी येऊन भाकरी थापायची आणि मग लिहायचं. लेखनाचं मी जे काही शिकले ते तिथे शिकले, हे मी एका मुलाखतीत सांगितलं तर मुलाखत घेणारा हसला. विनोद वाटला त्याला. पण आमच्याकडे दिवसभर आम्ही भोकं मोजायचो. लोखंडाच्या तुकड्यात भोक पाडलेलं असतं, त्यात गेज, म्हणजे मापाची दांडी, घालून बघायचं, की ते जितकं हवं तितकंच आहे ना. भोक म्हणजे तिथे काही नाही असं पीण्यात कुणी म्हणत नाही. भोक म्हणजे झालेलं काम. ते चुकलं तर सगळा तुकडा भंगारात जातो.

माझ्या पहिल्या कथा पुण्याच्या एका दिवाळी अंकानं परत पाठवल्या. कळलं नाही, असं संपादकांचं म्हणणं. पुढे एक संग्रह निघाला, मग एक कादंबरी. दोन्हींची कुणी दखल घेतली नाही. एका समीक्षकानं एवढंच लिहिलं, की लेखिकेला गोष्ट सांगता येत नसावी म्हणून ती मधले भाग गाळते. मला गोष्ट सांगता येते. आत्ता सांगतेच आहे.

बाबा गेल्यानंतर मी ही कोऱ्या पानांची कादंबरी लिहिली. लिहायला सगळ्यांत जास्त वेळ हिला लागला, कारण डावीकडे जे लिहीन त्यानं उजवीकडचं कोरं पान नेमकं बसलं पाहिजे. बाबांचा प्रश्न जरा ढिला झाला की समोरचं पान नुसता कागद वाटायचं. तो घट्ट बसला की तिथे आई उभी राहायची. मी ते पुन्हा पुन्हा तपासत होते.

प्रकाशकांना मी फोनवर भोकाची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, बाई, कागदाचे भाव माहीत आहेत का? वाचकाच्या तोंडाला पानं पुसल्यासारखं होईल. ‘तीसुद्धा कोरी,’ असं म्हणून ते स्वतःच्याच विनोदावर बराच वेळ हसले. वर्षभर भांडल्यावर त्यांनी पुस्तक काढलं. दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले, माल सदोष म्हणून. मग कुठल्याशा परीक्षणात कुणीतरी त्याला ‘धाडसी’ म्हटलं, कॉलेजातल्या पोरांनी फोटो टाकले, आणि दुसरी आवृत्ती निघाली. मला न विचारता. पार्सल आलं, मी उघडलं, आणि उजवीकडच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर बारीक अक्षरात छापलं होतं: ‘टिपणांसाठी जागा’.

मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, की आता एकही प्रत परत येत नाही. खरंच येत नव्हती. लोक त्यात टिपणं करत होते. आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातली प्रत मी स्वतः उघडून पाहिली. आईच्या पानांवर कुणी गॅसवाल्याचा नंबर लिहिला होता, कुणी ढोकळ्याचं प्रमाण. एका पानावर एका पोरानं विमान काढलं होतं. ते विमान त्यातल्या त्यात बरं होतं.

आईनं पुस्तक वाचलं. खिडकीत बसून, चष्मा लावून, एकेक पान उलटून, कोऱ्या पानावरही तेवढीच थांबत. मी स्वयंपाकघरातून बघत होते, हातातलं काम सुचत नव्हतं. संपल्यावर तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, ‘कागद चांगला आहे.’ मी तिला पहिल्या आवृत्तीची प्रत दिली होती. दुसरी मी घरात येऊ दिली नाही.

तर अशा सगळ्यात गेल्या वर्षी मंडळातून फोन आला. मंडळाचा वार्षिक कार्यक्रम बसवनगुडीतच एका हॉलमध्ये होता आणि या वेळी त्यांनी माझी कादंबरी घेतली होती. फोन करणारी मुलगी नुकतीच पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेली, कार्यक्रमाचं निवेदन तीच करणार होती. बिचारी मनापासून बोलत होती. ‘मॅडम, तुमचा कन्सेप्ट इतका इंटरॅक्टिव्ह आहे ना, आम्ही त्यावर एक छोटीशी अॅक्टिव्हिटी ठेवलीय. कॉन्टेस्टच. रिकाम्या जागा भरा.’ एक प्रसंग निवडून मेंबरांना ग्रुपवर पाठवला होता. बायको काय उत्तर देईल ते प्रत्येकानं लिहायचं, निवडक उत्तरं स्टेजवर वाचायची, पहिलं बक्षीस अध्यक्षांच्या हस्ते. आणि मॅडम, तुमच्या आईंनाही आणा, त्यांचा सत्कार करायचाय, इतक्या सीनियर मेंबर आहेत.

कोणता प्रसंग निवडला होता हे सांगायला नकोच. तो रविवार.

मी अध्यक्षांना फोन लावला. त्यांना मी लहानपणापासून ओळखते, कारण ते त्याच पंगतीतले. नाशिककडचा, कडक पोळीवाला पोरगा तो हाच. पुढे त्याच कारखान्यातून फार मोठे ऑफिसर होऊन निवृत्त झाले, जयनगरात घर बांधलं, मंडळाचे अध्यक्ष झाले. सणावारी भेटले की ‘तुमच्या घरचं मीठ खाल्लंय मी’ असं चारचौघांत सांगायचे. आई त्यावर हसायची आणि त्यांच्याशी अहो-जाहो करायची, माणूस मोठा झाला म्हणून, असं मी समजत होते. मी त्यांना सांगितलं, की हे थांबवा, ती पानं कुणी भरायची नाहीत. ते म्हणाले, ‘अगं, लोकांपर्यंत पोचू दे तुझं पुस्तक. तुम्ही लोक स्वतःसाठीच लिहिता आणि मग कुणी वाचत नाही म्हणून रडता.’

मी जाणार नव्हते. मग ठरवलं, जायचं आणि माइक हातात आला की एकेकाची बिनपाण्यानं करायची. प्रकाशकापासून समीक्षकापर्यंत सगळ्यांची. भाषण मनात घोकून तयार केलं. आईला सांगितलं, तू घरीच थांब, तुला त्रास होईल. काय करणार आहेत ते तिनं मला नीट विचारून घेतलं, दोनदा. मग म्हणाली, इस्त्रीची साडी काढ.

हॉल भरला होता. पुढच्या रांगेत आम्हाला बसवलं. आईला शाल घातली, नारळ दिला, तिनं तो मांडीवर धरून ठेवला. निवेदिकेनं डावीकडचं पान वाचलं, चांगलं वाचलं हे कबूल करते. ‘ती पोरं येणार नाहीत. मी कालच सांगितलंय त्यांना. तुलाही जरा आराम. बरं झालं ना?’ मग म्हणाली, आता बघू या, आपल्या मेंबरांच्या मते बायको काय म्हणाली असेल.

एका तरुणानं लिहिलं होतं, ‘मग आजपासून तुम्हीच करा स्वयंपाक, मी निघाले पार्लरला.’ हशा. एका बाईंनी स्त्रीमुक्तीवर दोन पानी भाषण लिहिलं होतं, त्याला टाळ्या. कुणी बायकोला रडवलं, कुणी तिच्याकडून स्वतःचं हॉटेल काढवलं. माझ्या आईच्या तोंडात ते एकामागून एक शब्द कोंबत होते आणि ती समोर बसून ऐकत होती. मी तिच्याकडे पाहायची हिंमत केली नाही. मांडीवर मुठी आवळून माझी पाळी येण्याची वाट बघत होते.

शेवटी बक्षिसाचं उत्तर वाचायला अध्यक्ष उठले. उत्तर असं होतं: ‘तुमच्या मानातच माझा मान. इतकी वर्षं दोघं धावलो, आता निवांत बसू.’ कागद खाली ठेवून ते म्हणाले, की हेच खरं उत्तर, मी ठामपणे सांगू शकतो, कारण त्या माउलीच्या हातचं मी जेवलेलो आहे. ती इथेच बसली आहे. माझ्यासाठी शेवटची कडक पोळी झाकून ठेवायची. अशा बाईच्या मनात दुसरं काही येऊच शकत नाही.

टाळ्या सुरू झाल्या. आणि आई बोलली. उठली नाही, आवाज चढवला नाही, पंगतीत वाढताना बोलावं तशी.

‘त्या दिवशी तू कुठे जेवलास?’

टाळ्या विरत गेल्या. अध्यक्ष हसत पुढे वाकले, त्यांना वाटलं काहीतरी कौतुकाचं आहे. ‘कधी, वहिनी?’

‘साहेबांनी नको म्हटलं, त्या रविवारी.’

मी त्यांचा चेहरा पाहत होते. एवढा मोठा माणूस, आणि चेहऱ्यावर ट्रेनी आला. ते म्हणाले, ‘इथल्याच शिवाजीनगरला. एका हॉटेलात.’

‘एकटाच?’

‘नाही. सगळेच गेलो होतो.’

‘बरं होतं जेवण?’

त्यांनी माइक तोंडापासून दूर केला. हो म्हणाले की नाही ते मला ऐकू आलं नाही. आईनं मान हलवली आणि मांडीवरचा नारळ खाली, खुर्चीच्या पायाशी ठेवला. निवेदिकेनं घाईघाईनं चहाची सुट्टी जाहीर केली. माझं भाषण झालं नाही. कुणी मागितलंच नाही.

चहाच्या वेळी काय व्हावं? लोक माझ्याभोवती गोळा झाले. एक म्हणाला, मॅडम, काय एंडिंग घेतलंत, अंगावर काटा आला. दुसरीनं विचारलं, आईंची किती दिवस तालीम घेतलीत? कोणी म्हणालं, अध्यक्षकाकाही काय सुंदर अॅक्टिंग करतात. त्यांना तो प्रयोग वाटला होता. माझा. त्या हॉलमध्ये एका म्हाताऱ्या बाईनं आयुष्यभर दाबून धरलेली गोष्ट बोलून दाखवली, आणि ती खरी असेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नाही. मी चहाचा कप तसाच टेबलावर आपटला आणि आईचा हात धरून बाहेर आले.

रिक्षात बसल्यावर आईनं रिक्षावाल्याला ‘स्वल्प निधान’, जरा हळू, म्हणून सांगितलं आणि शाल काढून तिची घडी घालू लागली. मला राग आवरत नव्हता. या सगळ्यांचा होताच, पण खरं सांगायचं तर तिचाही आला होता. सबंध पुस्तक मी बाबांवर लिहिलं, त्यांचा एकेक प्रश्न घासूनपुसून बसवला, आणि हिनं एवढ्या वर्षांनी तोंड उघडलं ते भलत्याच माणसासमोर. मी तिला म्हटलं, राग तर तुला बाबांचा होता.

‘त्यांचा होताच,’ आई म्हणाली. ‘पण ते तर तसेच होते. पोरं माझी होती.’

 

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होताच. तो फिरत फिरत पुण्याला पोचला आणि प्रकाशकांचा फोन आला. आवाजात गूळ. तिसरी आवृत्ती काढू या, त्या रविवारच्या समोरच्या पानावर आईंचं तेवढं वाक्य छापू या, एकच वाक्य, बाकी पानं हवी तर पूर्वीसारखी कोरी करून देतो, वरची अक्षरंसुद्धा काढतो. मी इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते ताटात वाढून पुढे आलं होतं. मी आईला विचारलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, ते मी त्याला विचारलं होतं, पुस्तकाला नाही. मी प्रकाशकांना नाही म्हणून कळवलं. बाजारात अजून ती टिपणांची आवृत्तीच मिळते, आणि अजून माझं पित्त खवळतं.

पुढच्या रविवारी दुपारी जेवायच्या वेळेला दाराची बेल वाजली. अध्यक्ष होते. एकटेच, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. चेहरा उतरलेला होता. कुकरची शिट्टी नुकतीच झाली होती, वांग्याच्या भाजीचा वास पार जिन्यापर्यंत गेला असणार. माझ्यामागे आई उभी होती, तिच्याकडे ते बघत राहिले.

‘वहिनी, आज जेवायला आलोय,’ ते म्हणाले.

मी दारातून बाजूला सरकले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली होती. ताटं तीन घ्यायची, इतपत विचार माझ्या मनात येऊन गेला. आई पुढे आली. तिनं चौकटीला हात टेकला आणि नेहमीसारखं अहो-जाहो करत, अगदी साध्या आवाजात म्हणाली,

‘खानावळ बंद झाली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?’